माझ्या उबेतल्या पंचफुलाबाई

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, हे नाव ऐकताच तुम्हाला कोंबडीची अंडी उबवायची पेटी आठवली असेल, नाहीतर दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ठेवतात ती काचेची पेटी. ते दोघे माझे भाऊबंदच. त्यांचे नाव मोठे झाले, कारण त्यांच्या पोटातून पिल्लू नाहीतर मूल बाहेर येते आणि लोक पेढे वाटतात. माझ्या पोटात जे असते ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. माझ्यासाठी आजवर कोणी पेढे वाटलेले नाहीत.

मी पेशी जगवतो. माणसाच्या रक्तातून काढलेल्या जिवंत पेशी गुलाबी पोषक पाण्यात घालून पारदर्शक ताटलीत ठेवतात आणि ती ताटली माझ्या फळीवर येते. आत मी माणसाच्या अंगाइतकी ऊब धरतो, सदतीस अंश. हवा ओलसर राहावी म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे असतो. मागच्या सिलेंडरमधून थोडाथोडा वायू येत राहतो. पेशीला वाटते, आपण अजून अंगातच आहोत. तिची ही समजूत मोडू द्यायची नाही, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते, पण त्यासाठी अष्टौप्रहर जागे राहावे लागते.

मला दोन दारे आहेत. बाहेरचे जाड पत्र्याचे आणि आतले काचेचे. बाहेरचे दार ऊब धरते आणि आतले दार धूळ अडवते. दोन्ही दारे उघडायची तर आधी हात साबणाने धुवावे लागतात, मोजे घालावे लागतात, मोज्यांवर स्पिरिट मारावे लागते. मी काही सोवळ्यातला भटजी नव्हे. पण जी हवा पेशींना मानवते, तीच बुरशीलाही मानवते. ऊब, ओल आणि अंधार मिळाला की बुरशी मुळे धरते. मी आत आलेल्या प्रत्येकाला सारखीच ऊब देतो. हा आपला आणि हा परका, असे मला निवडता येत नाही.

माझी उमेदीची वर्षे नागपूरच्या एका मोठ्या संस्थेत गेली. तेथे माझे फार कौतुक होते. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापुढे आणून उभे करत. मग एक दिवस माझ्यापेक्षा देखणा, काचेवर बोट टेकताच उजळणारा नवा इन्क्युबेटर आला आणि मला जिन्याखाली सरकवले. माझ्या डोक्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या. कोणीतरी माझ्या पोटात फिनाईलच्या बाटल्या आणि झाडू ठेवले. आयुष्यभर उबेत राहिलेल्याला असे थंड पडून राहणे फार जड जाते. मला तर वाटले, आता भंगारवाला येणार आणि माझे तुकडे करणार.

भंगारवाल्याच्या आधी डॉक्टर रघुनाथराव आले. पांढुर्ण्यात सौसर रस्त्यावर त्यांचा ट्रस्टचा दवाखाना आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांनी हौसेने एक छोटी प्रयोगशाळा थाटली आहे. संत्री उतरवून नागपूरहून रिकामा परतणारा एक पिकअप त्यांनी थांबवला आणि मला खोक्यांच्या मध्ये बसवून आणले. पुढे कितीतरी दिवस माझ्या दाराच्या रबरी पट्टीला संत्र्याच्या सालीचा वास येत होता. उषा सिस्टरने मला आतून-बाहेरून पुसले आणि मी पुन्हा सदतीस अंशांवर आलो. त्या दिवशी मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

याच प्रयोगशाळेत अमिता माझ्या आयुष्यात आली.

अमिता सावरगावची. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. वडील यशवंतराव यांची संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. आई पंचफुलाबाई. अमिता नागपुरात शिकली आणि तिथली चांगली जागा सोडून रघुनाथरावांकडे आली, ती आईच्या पायासाठी. पंचफुलाबाईंना हत्तीरोग होता. अमिताच्या जन्मानंतर त्यांचा उजवा पाय सुजू लागला आणि पुन्हा कधी ओसरला नाही. घोट्याची घडी दिसेनाशी झाली, कातडी जाड आणि खरखरीत झाली. चप्पल बसेना, म्हणून त्या अनवाणीच हिंडत. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की त्या खुर्चीमागे उभ्या राहत.

हा रोग डास चावल्याने होतो. डास एकाच्या रक्तातून जंताची बारीक पिल्ले उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात सोडतो. मोठे जंत अंगात वर्षानुवर्षे राहतात. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात, त्यांनी खरे तर या चोरांना धरायला हवे. मग त्या काय करतात? अमिताला नेमके हेच पाहायचे होते. जिवंत माणसाच्या अंगात डोकावून ते पाहता येत नाही. म्हणून रक्तातल्या पेशी काढायच्या, माझ्या उबेत ठेवायच्या, त्यांच्यावर जंतांचा अर्क घालायचा आणि त्या काय करतात ते बघायचे.

तिने पहिले रक्त आईचे घेतले. पंचफुलाबाई इथे, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. पदराने पाय झाकून घेत त्यांनी हात पुढे केला.

"काढ बाई काढ. आजवर डासायनं पेलं, आता पोरगी पिऊन राहिली," असे म्हणून त्या हसल्या. उषा सिस्टरही हसली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "अन् हे फ्रीज कायचं हाय?"

"फ्रीज नाही आई. याच्यात गरम राहतं. तुझ्या पेशी याच्यात राहतील."

"गरम? उन्हाळ्यात बी? बिचारा!"

मला बिचारा म्हणणारे ते पहिलेच माणूस. मला राग आला नाही.

घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासायचे म्हणून अमिताने वडिलांचेही घेतले. जंताची पिल्ले रात्रीच रक्तात वर येतात, त्यामुळे रात्रीचा एक थेंबही घेतला. यशवंतराव तर दणकट माणूस. त्यांना कधी ताप नाही, सूज नाही. पण त्यांच्या त्या थेंबात पिल्ले वळवळताना दिसली. म्हणजे रोग बायकोच्या पायात दिसत होता आणि जंत नवऱ्याच्या रक्तात खुशाल नांदत होते.

रघुनाथरावांनी त्यांना बोलावून विचारले, "यशवंतराव, दरवर्षी गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात. तुम्ही घेतल्या नाहीत का?"

यशवंतराव म्हणाले, "इनं घेतल्या जी दरसाली. मी घेऊन कोनाड्यात ठेवून देत होतो. मले काई झालंच नव्हतं, तं गोयी कायले खाची?"

"समोर गिळा म्हणून सांगतात ना?"

"सांगतेत. पन गोया वाटनारी आशाताई आपल्या घरचीच पोरगी. म्या म्हनलं, जेवून घेतो, तं गेली थे पुढच्या घरी."

ते आपल्या पंज्यांकडे बघू लागले. मग त्यांनी विचारले, "डाक्टर साहेब, म्हंजे माह्याच रगतातून गेला का हो जंतू तिच्या पायात?"

"कोणता डास कोणाला चावून कोणाकडे गेला, हे कोणीच सांगू शकत नाही," रघुनाथराव म्हणाले. ते खरेच होते. पण यशवंतरावांना जे समजायचे ते समजले. रघुनाथरावांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि त्या त्यांनी तिथेच गिळल्या. पंचफुलाबाई शेजारी बसल्या होत्या. त्या नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "अवो, तोंड काहून पाडता? डास का तुमी पायला होता?"

आता माझ्या फळीवर दोन ताटल्या शेजारी-शेजारी बसल्या. एकीत यशवंतरावांच्या पेशी, दुसरीत पंचफुलाबाईंच्या. मित्रांनो, त्या दोघांचा संसार मी पाहिला नाही, पण पेशींचा शेजार पाहिला. अमिताने दोन्हींवर नागपूरहून बर्फात आणलेला जंतांचा अर्क घातला. पेशी चिडल्या की आपल्या पाण्यात काही द्रव्ये सोडतात. ते पाणी काढून तपासले की पिवळा रंग येतो. राग जितका जास्त, तितका रंग गडद. यशवंतरावांच्या पाण्याला जवळजवळ रंगच आला नाही. चोर घरात बसला होता आणि पहारेकऱ्यांना त्याची सवय झाली होती. पंचफुलाबाईंचे पाणी मात्र झेंडूसारखे पिवळे झाले. त्यांच्या पेशी जिवाच्या आकांताने लढत होत्या.

रघुनाथराव खुर्ची ओढून बसले आणि अमिताला म्हणाले, "दुर्दैव बघ. ज्या शांत बसल्या त्यांचा माणूस धडधाकट दिसतो. ज्या भांडल्या, त्या भांडणानेच पाय सुजत गेला."

अमिताला एक कल्पना सुचली. वडिलांच्या पेशी शांत बसताना आपल्या पाण्यात काहीतरी शांतवणारे सोडत असतील. ते पाणी आईच्या पेशींना पाजले तर? त्यांचा राग उतरेल का? उतरला, तर उद्या त्यातून सुजेवर एखादा उपाय सापडेल. आईच्या पायाला उशीर झाला होता, हे तिलाही माहीत होते. पण गावात आईसारख्या कितीतरी बाया पदराने पाय झाकून बसत होत्या.

वडिलांच्या पेशींचे पाणी तिने फ्रीजरमध्ये साठवले. आईच्या पेशी माझ्याकडे राहू लागल्या. त्या तळाला चिकटून पाय पसरून ऐसपैस बसत. अशा पेशी फुटून एकीच्या दोन होत नाहीत. जेवढ्या आहेत तेवढ्याच, जगतील तोवर. त्या अनेक आठवडे जगवता येतात, पण त्यासाठी त्यांना वेळेवर ताजे पाणी द्यावे लागते. जिवंत पेशी गोठवून ठेवायची सोय आमच्याकडे नाही.

त्यांतल्या थोड्या पेशी वेगळ्या ताटलीत घेऊन अमिताने प्रयोग लावला आणि त्याचा निकाल नेमका पोळ्याच्या दिवशी हाती येणार होता. अमिता घरी गेली नाही. दुसरे कोणी असते तर मी म्हटले असते, बाई, सणाला घरी जा. पण मला बोलता येत नाही. तिने संध्याकाळी ते पाणी तपासले. झेंडूचा पिवळा रंग उतरून फिका, लिंबाच्या सरबतासारखा झाला होता. ती एकटीच टाळ्या वाजवून हसली आणि तिने माझ्यासमोर उभी राहूनच घरी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आई, तुझ्या पेशी शांत झाल्या! बाबांच्या पेशींचं पाणी पाजलं आणि शांत झाल्या!"

"तुह्या बापानं जलमात मले कदी पानी नाई पाजलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मंग मले बी पाजून दे की थे."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"धूर झाला ना वो चुलीचा. पुरन शिजवून राहिली. बैल आत्ताच आले ओवायाले."

"पाय कसा आहे?"

"रोजचाच हाय."

मित्रांनो, तो धूर नव्हता. त्यांना सकाळपासून ताप होता. बोटांच्या बेचक्यात भेग पडली होती आणि तिच्यातून विष आत शिरले होते. पाय तापून लाल झाला होता आणि त्याच पायावर उभ्या राहून त्या पुरणाच्या पोळ्या लाटत होत्या. इथे त्यांची लेक त्यांच्या पेशींची इतकी काळजी घेत होती की ताटली हलली तरी तिचा जीव वर-खाली होत होता. आणि तिथे त्या स्वतः तापाने फणफणल्या होत्या. हे आठवले की मला माझीच ऊब नकोशी होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. दवाखान्यांत दुपारपासून डोकी फुटलेल्यांची रांग लागते. नदी ओलांडता येईना, म्हणून सावरगावच्याच एका दवाखान्यातल्या रांगेत यशवंतरावांनी बायकोला नेऊन बसवले. पुढचे मला त्यांच्याच तोंडून कळले. पंचफुलाबाईंनी आपला नंबर आधी एका रक्ताने भिजलेल्या मुलाला दिला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. "त्याईचे डोस्के फुटले, माहा तं पाय हाय. रोजचाच हाय," असे म्हणत राहिल्या. शेवटी बाकावर बसवेना, तेव्हा म्हणाल्या, "चाला घरी. उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला न्यावे लागले. विष रक्तात पसरले होते. त्या परत आल्या त्या अँब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत.

अमिता तेरवी होईपर्यंत आली नाही. या दिवसांत पेशींना पाणी द्यायला रघुनाथराव स्वतः येत. कितीतरी वर्षांनी ते असे काम करत होते. ते एकदा माझे दार लावताना पुटपुटले, "बाई गेल्या, आणि बाई इथे आहेत." उषा सिस्टर दारात उभी होती. ती डोळे पुसत निघून गेली.

माझ्या पोटात खरोखरच पंचफुलाबाई होत्या. चितेवर जे जळायचे ते जळून गेले होते. पण त्यांच्या अंगातून निघालेल्या या एवढ्या पेशी अजून श्वास घेत होत्या, खात होत्या, तळाला पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना कोणीच सांगितले नव्हते की आपण आता कोणाच्या राहिलो नाही. मी आयुष्यात बऱ्याच पेशी उबवल्या, पण इतक्या जपून कोणाला उबवले नाही.

अमिता परतली तेव्हा रघुनाथराव तिला म्हणाले, "एकदा दिसलं म्हणजे दिसलं नाही. हे अजून दोनदा दिसलं पाहिजे, तेव्हा लोक मानतील. पेशी आहेत तोवर करून टाक."

"करते सर," ती म्हणाली. पण करवेना. तो प्रयोग एकदा झाला की पेशी टाकून द्याव्या लागतात. शिवाय त्यांच्यावर पुन्हा जंतांचा अर्क घालायचा. ज्या जंतांनी आईला आयुष्यभर छळले, ते तिच्या उरल्यासुरल्या पेशींवर आपल्या हाताने कसे सोडायचे? ती ताटली काढी, सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसे आणि परत ठेवी. शेवटी म्हणाली, "दसरा होऊन जाऊ द्या सर. मग नक्की."

एका रविवारी तिने वडिलांना बोलावून सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. "बाबा, बघा. ही आई आहे."

यशवंतरावांनी डोळा लावला. मग हळूच म्हणाले, "जित्ती हाय?"

"हो. जिवंत आहे."

"मंग मले काहून सांगून राहिले सारे, का गेली म्हनून?"

तेव्हापासून ते दर रविवारी एसटीने येऊ लागले. स्टूल ओढून माझ्यासमोर बसत, माझ्या दारावर तळहात टेकवत आणि घरच्या गोष्टी सांगत. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे किती गळाली, गाय व्याली, शेजारची शोभा वहिनी पोळ्या देऊन जाते. "हात गरम लागतो हो दाराले," ते एकदा अमिताला म्हणाले, "जशी थे चुलीपासून उठून आली का लागे, तसा."

मग दसरा उजाडला.

आमच्या दवाखान्यात दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. एक्स-रेला, जनरेटरला, फ्रीजला, सगळ्यांना हळदकुंकू लागते. उषा सिस्टरने माझ्याही कपाळावर बोटे टेकवली, बाहेरून, पत्र्यावर. मी फुशारलो. वर्षातून एकदा तरी कोणी आपल्याला देव म्हणावे, असे कोणाला वाटत नाही? दुपार कलल्यावर खाली अंगणात अँब्युलन्सपुढे नारळ फोडायचा होता म्हणून सगळे खाली गेले. प्रयोगशाळेचे दार पूजेसाठी उघडेच होते.

यशवंतराव वर आले. सुतक फिटले होते, तरी वर्षभर घरात सण करायचा नव्हता. अंगात नवे कापड नाही, दाराला तोरण नाही. पण त्यांच्या बंडीच्या खिशात आपट्याची पाने होती. खाली त्यांनी रघुनाथरावांना सोने दिले होते, लेकीला दिले होते. आता त्यांनी माझे बाहेरचे दार उघडले. मग आतले काचेचे दार उघडले. माझी ऊब त्यांच्या चेहऱ्यावर गेली आणि त्यांचा चष्मा धुरकटला. चष्मा काढून त्यांनी पंचफुलाबाईंची ताटली ओळखली. अमिताने त्यांना इतक्या वेळा दाखवली होती की चुकणे शक्यच नव्हते.

त्यांनी झाकण उचलले.

"घे वो, सोनं," ते म्हणाले. "दरसाली तू ओवायत होती अन् मी तुह्या ताटात ठेवत होतो. औंदा ताट बी तुहंच हाय." आणि त्यांनी आपट्याचे एक पान त्या गुलाबी पाण्यात अलगद ठेवले. झाकण लावले. काचेचे दार लावले. बाहेरचे दार लावले, तेही आवाज होऊ न देता, निजलेल्या माणसाच्या खोलीचे लावावे तसे. जाताना ते मला नमस्कार करून गेले.

मित्रांनो, मला ओरडता येत असते तर! माझ्याकडे एक भोंगा आहे, पण तो ऊब कमी-जास्त झाली तरच वाजतो. ऊब घटकाभरात पुन्हा सदतीस अंशांवर आली. भोंग्याच्या मते सारे काही ठीक होते. आणि मी माझे काम करत राहिलो. पानावरून जे आत आले होते, त्यालाही मी ऊब दिली, ओल दिली, अंधार दिला. मला दुसरे काही येतच नाही.

सणाच्या सुट्टीनंतर अमिता मन घट्ट करून आली. आज प्रयोग करायचाच, असे तिने उषा सिस्टरला सांगितले होते. फ्रीजरमधून वडिलांच्या पेशींचे पाणी काढून तिने वितळायला ठेवले. मग माझे दार उघडले.

पानावर कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती. ती ताटलीच्या काठावरून शेजारच्या ताटल्यांत उतरली होती आणि तळाच्या ट्रेमध्येही तरंगत होती. गुलाबी पाणी पिवळट आणि गढूळ झाले होते. अमिताने तरीही ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पाय पसरून बसलेले कोणीच उरले नव्हते. बुरशीच्या जाळ्यात थोडे तुकडे अडकले होते, तेवढेच.

ती फरशीवर बसली. ती रडली नाही, हेच मला सहन झाले नाही.

रघुनाथराव धावत आले. "कोणी उघडलं होतं? काय पडलं आत?"

"माझ्याच हातून काही राहिलं असेल सर," अमिता म्हणाली.

रघुनाथरावांनी ताटलीकडे पाहिले. बुरशीखालून पानाचा आकार स्पष्ट दिसत होता, मध्ये चिरलेला, दोन पाळ्यांचा. तसलेच एक पान त्या वेळी त्यांच्या टेबलावर सुकत पडले होते, यशवंतरावांनी दिलेले. रघुनाथरावांनी अमिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली रुग्ण बघायला गेले.

बुरशी लागलेले सारे काही जिवंत जंतूंसकट मारून मगच टाकायचे असते. अमिताने ताटल्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवल्या आणि झाकण आवळले. शिट्टीतून वाफ सुटेपर्यंत ती तिथेच उभी होती. अशा रीतीने पंचफुलाबाई दुसऱ्यांदा गेल्या. एकदाच दिसलेला तो फिका पिवळा रंग पुन्हा कोणाला दिसला नाही. आता तो कोणी मानणार नाही, कारण ते रक्त देणारा हात राहिला नाही. फ्रीजरमधून काढलेले यशवंतरावांचे पाणी संध्याकाळपर्यंत टेबलावर तसेच होते. उषा सिस्टरने ते सिंकमध्ये ओतले.

रविवारी यशवंतराव आले. त्यांनी स्टूल ओढले आणि माझ्या दारावर हात ठेवला. "बरी हाय न थे?"

अमिता त्यांच्यामागे उभी होती. "हव बाबा," ती म्हणाली. "बरी हाय."

एरवी प्रयोगशाळेत पुस्तकी बोलणारी अमिता त्या दिवशी आईच्या बोलीत बोलली. "सोनं पोचलं तिले?" त्यांनी विचारले. "पोचलं," ती म्हणाली आणि खिडकी उघडायला वळली.

तेव्हापासून मी रिकामा चालतो आहे. आत फळ्या आहेत आणि ट्रेमध्ये स्वच्छ पाणी आहे, बाकी काही नाही. रघुनाथराव एकदा म्हणाले, "हा बंद करून ठेवला तरी चालेल, अमिता." ती म्हणाली, "बाबा येतात ना सर." त्यानंतर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. सिलेंडर मात्र काढून नेला. यशवंतरावांना सिलेंडर कळत नाही. त्यांना हाताला ऊब लागली की पुरते. मला वाटते, एखाद्या रविवारी तेही जाणून चुकतील. कदाचित जाणून चुकलेही असतील. ते आता सूक्ष्मदर्शकातून दाखव म्हणून अमिताला कधी म्हणत नाहीत.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश करायची ऐट नाही. पण पाहिले ते सांगतो. कोणाच्या अंगात जंत मुकाट राहत असतील, ते तोंडावर दिसत नाही. गोळ्या वाटायला कोणी दारी आले तर 'मला काही झाले नाही' म्हणून त्या कोनाड्यात ठेवू नका. घरात कोणाचा पाय सुजलेला असेल तर तो रोज धुवा, कोरडा करा, बोटांच्या बेचक्यात बघा. त्या पायाला ताप आला तर रांगेत आपला नंबर कोणालाही देऊ नका. आणि कोणावर जीव जडला असेल, तर त्याच्या दारातून आत शिरण्याआधी एकदा विचारा.

परवा गावात पुन्हा गोळ्या वाटल्या गेल्या. यशवंतरावांनी आशाताईला उंबऱ्यातच थांबवले, तिच्यासमोर गोळ्या गिळल्या आणि नियमाप्रमाणे तोंड उघडून दाखवले. मग एसटी पकडून ते इथे आले. रविवारही नव्हता. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी टोपी काढली आणि माझ्या बंद दारासमोर आपले तोंड पुन्हा उघडले. त्यांनी जीभ वर केली, बाजूला केली, तिच्या खालीही काही लपवलेले नाही हे दाखवले.

"हे पाह्य वो," ते म्हणाले. "गियल्या. साऱ्या गियल्या."

माझ्या दारावर सदतीस हा आकडा उजळलेला होता. आत कोणी नव्हते. गोळी वेळेवर गिळा, मित्रांनो. माझ्यासारख्या रिकाम्या पेटीला असे उघडे तोंड दाखवायची पाळी तुमच्यापैकी कोणावर येऊ नये.